चिनहटचं खालचं मैदान

१० जानेवारी १९९६, लखनऊ छावणी

सकाळी खळ शिजवायला घेतली. नकाशाचे चार तुकडे एकमेकांना जोडायचे होते आणि नाशिकहून आणलेली गोंदाची बाटली प्रवासात फुटून माझ्या लोकरी मोज्यांत जिरली होती. वाळल्यावर मोजे आपोआप उभे राहू लागले. ते फेकून दिले आणि नीलाच्या स्वयंपाकघरात मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर ठेवला.

नीला माझी मावसबहीण. तिचे यजमान विनायकराव सैन्यात आहेत, म्हणून छावणीतलं हे घर. ऐसपैस, उंच छताचं, आणि जानेवारीत आतून बाहेरच्यापेक्षा गार. नीलाचं मराठी अजून साताऱ्याचंच आहे, फक्त भाजीची सब्जी झाली आहे. तिच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला, ऋचाला, मराठी सगळं कळतं; उत्तर मात्र हिंदीतून येतं.

मी नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरून एका कारखान्याभोवती लाल पेन्सिलीने वर्तुळ काढत होते. ऋचा खांद्यावरून डोकावली.

"मावशी, ये गोला किसलिए?"

"इथे क्लोरीनच्या टाक्या आहेत. वायू गळला तर या वर्तुळातल्या लोकांनी घर सोडायचं."

"और जिनका घर लाइन के ऊपर है?"

"त्यांनीही सोडायचं."

"अच्छा. फिर लाइन का मतलब क्या हुआ?"

हा प्रश्न आमच्या बैठकांत कुणी विचारत नाही. मी तसं म्हणेपर्यंत नीला आत आली. "अगं, जेवायच्या टेबलावर माणसं मरायची वर्तुळं कसली काढतेस? उचल, मला सब्जी चिरायचीय."

"मरायची नाहीत. वाचायची."

"मग हिरव्या पेन्सिलीने काढ की. लाल कशाला?"

मी नकाशा उचलला.

काम काय होतं ते सांगून टाकते. नाशिकला मी नागरी संरक्षणाचं प्रशिक्षण देते. पूर, आग, विषारी वायू, असं काही ओढवलं तर लोकांनी काय करायचं ते आधी ठरवायचं आणि त्यांच्याकडून ते पुन्हा पुन्हा करून घ्यायचं. त्या वर्षी अशी व्यवस्था झाली की एका राज्यातल्या माणसाने दुसऱ्या राज्यातली तयारी पाहून मत द्यायचं. घरचा माणूस घरच्या स्वयंपाकाला नावं ठेवत नाही, म्हणून. माझ्या वाट्याला चिनहटची एक वस्ती आली. चिनहट शहराच्या पूर्वेला, फैजाबाद रस्त्यावर. पूर्वीपासून कुंभारकामाचं गाव, आता कारखान्यांचंही. मी वर्तुळ काढलेल्या कारखान्याच्या भिंतीला लागूनच ही वस्ती. मी एक तालीम पाहायची आणि पसंत पडली तर सही करायची. सही झाली की वस्तीच्या भिंतींवर कायमचे बाण रंगवले जाणार होते. संक्रांतीला मी घरी पोचणार होते.

११ जानेवारी, चिनहट

आमच्याकडे धुकं डोंगरावरून उतरतं आणि ऊन आलं की निघून जातं. इथलं धुकं जमिनीतून उगवतं आणि त्याला कुठे जायचं नसतं. गोमतीच्या पुलावर जीप थांबली तेव्हा कठड्याखाली नदी नव्हती, नुसता पांढरेपणा होता. त्या पांढरेपणात कुणीतरी कपडे आपटत होतं. आवाज येत होता, माणूस दिसत नव्हता.

वस्तीचे वॉर्डन म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले कवायतीचे शिक्षक. त्यांना सगळे मास्टर साहब म्हणतात. ताठ कणा, पांढरा मफलर, गळ्यात शिट्टी. "आइए मोहतरमा," ते म्हणाले, "हमारा मोहल्ला आपको मायूस नहीं करेगा."

त्यांनी मला वस्ती हिंडवून दाखवली. कुंभारांच्या भट्ट्या, निळे-हिरवे नक्षीचे पेले वाळत घातलेल्या फळ्या, हँडपंप, आणि अगदी शेवटी शाळेचं मोठं मैदान. आराखड्यात हीच जमण्याची जागा. भोंगा झाला की सगळ्यांनी इथे यायचं. नकाशावर ती मलाही पसंत पडली होती: मोकळी, ऐसपैस, कारखान्यापासून पुरेशी लांब.

दुपारी त्यांच्या घरी जेवले. त्यांच्या पत्नीला वस्तीत आपा म्हणतात. त्यांनी निमोना केला होता, म्हणजे मटार वाटून केलेली दाट आमटी, आणि बरोबर भात. आपल्या उसळीत मटार शेवटपर्यंत मटार राहतो. इथे त्याचा मागमूस ठेवत नाहीत. तरी मी दोनदा वाढून घेतलं.

आपा वाढताना थांबत होत्या. चार पावलं चालल्या की भिंतीला हात लावायच्या. मास्टर साहेबांनी कारण सांगितलं. काही वर्षांपूर्वी एका सकाळी कारखान्यातून थोडासाच वायू सुटला होता. लोक आरडाओरडा करत वाट फुटेल तिकडे पळाले. आपा शेजारच्यांना हाका मारत गल्लीभर फिरल्या. जे ओरडले त्यांच्याच छातीत जास्त वायू गेला. तेव्हापासून आपांचा दम असा.

"उस दिन मैंने क़सम खाई," ते म्हणाले, "अब इस मोहल्ले में न कोई भागेगा, न कोई चिल्लाएगा."

"और मैं सबसे पहले पहुँचती हूँ," आपा म्हणाल्या. "हर बार. पूछ लीजिए इनसे. दूसरी बार वह हवा मेरे अंदर गई तो डॉक्टर ने साफ़ कह दिया है."

"क्या कह दिया है?" मी विचारलं.

"कि फिर उनके पास न आऊँ. क़ब्रिस्तान नज़दीक पड़ेगा." त्या हसल्या आणि हसण्याने त्यांना खोकला आला.

१२ जानेवारी, पहिली तालीम

मी खूप तालमी पाहिल्या आहेत. माणसं हसतात, बायका कुलूप लावायला परत जातात, एखादा आजोबा अजिबात उठत नाही. मीही तेच पाहायच्या तयारीने शाळेच्या ओट्यावर जाऊन उभी राहिले. गल्ल्यांतलं धुकं विरळ झालं होतं.

हाताने फिरवायचा भोंगा होता. तो खालच्या सुरातून वर चढला, आणि दारं उघडली.

कुणी बोललं नाही. एकही माणूस नाही. प्रत्येकाच्या नाकातोंडावर ओलं फडकं, आणि सगळे एकाच चालीने येत होते, ना पळत ना रेंगाळत. एका माणसाचा अर्धा गाल साबणाच्या फेसाने भरलेला होता आणि त्याच्या मागे वस्तरा मिटून हातात धरलेला न्हावी. एका बाईने कडेवरच्या लेकराचं तोंडही ओल्या कापडात गुंडाळलं होतं, आणि ते लेकरूसुद्धा रडत नव्हतं. फक्त पायांचा आवाज येत होता. कुत्री दूर सरून बसली होती. आपा सगळ्यांच्या पुढे.

ते मैदानात उतरले. "उतरले" हा शब्द मला तेव्हाच खटकायला हवा होता. गल्लीत घोट्यापर्यंत असलेलं धुकं मैदानात त्यांच्या गुडघ्यापर्यंत आलं, मग कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. रांगा लागल्या तेव्हा मला ओट्यावरून फक्त मुंडकी दिसत होती, पांढऱ्या फडक्यांची, ओळीने ठेवलेली.

मास्टर साहेबांनी दोनदा शिट्टी वाजवली.

सगळे खाली बसले, आणि मैदान रिकामं झालं.

मोजणी सोपी जावी म्हणून बसायचं, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी माझ्यासमोर एक सपाट, पांढरं, निर्मनुष्य मैदान होतं, आणि त्यातून मास्टर साहेबांचा आवाज आला: "पहली गली?"

"हाज़िर," मैदान म्हणालं.

"दूसरी गली?"

"हाज़िर."

मी घाबरट नाही. पण मी ओट्याच्या खांबाला पाठ टेकली. पाठ टेकल्यावर विचार सुचला, तो असा: धुकं जिथे साचतं तिथे आणखी काय साचेल? क्लोरीन हवेपेक्षा खूप जड. थंडीच्या सकाळी, वारा पडलेला असताना, तो उतार शोधत पाण्यासारखा जातो. आणि हे मैदान खोलगट होतं. का, ते नंतर एका कुंभाराला विचारलं तर तो सहज म्हणाला, "यहीं की तो मिट्टी है मैडम, दादा-परदादा यहीं से खोदते थे." गावाने पिढ्यान्‌पिढ्या पेले आणि सुरया करून विकल्या, आणि ज्या खड्ड्यातून त्या आल्या तो पुढे सारखा करून शाळेला दिला. सारखा केला म्हणून वर आला नाही. नकाशावर दिसण्याइतका तो खोल नव्हता. माणूस बसला की बुडण्याइतका होता.

मोजणी पूर्ण झाली. एकही माणूस कमी नव्हता. मास्टर साहेब धुक्यातून वर आले, चेहरा उजळलेला. "फ़रमाइए?"

"इतकी चांगली तालीम मी कुठेच पाहिली नाही," मी हिंदीतून सांगितलं. "आणि खरोखर वायू सुटला तर यांतलं कुणीही उठणार नाही."

१३ जानेवारी, ओला पेंढा

त्यांना राग आला होता. तो त्यांनी आवाज न चढवता दाखवला, तेच जास्त अवघड जातं.

"मोहतरमा, लोगों को चुप कराने में मुझे बरसों लगे हैं. आप एक सुबह देखकर कहती हैं, ग़लत है."

"तालीम चुकीची नाही. जागा चुकीची आहे."

"नक़्शे में तो..."

"नकाशाला धुकं दिसत नाही. चला माझ्याबरोबर."

सकाळी वारा नव्हता. मी कारखान्याच्या भिंतीपाशी एका घमेल्यात ओला पेंढा पेटवला. धूर आधी वर गेला, मग थंडीने दमला आणि खाली आला. त्याने इकडेतिकडे चाचपलं नाही. गल्लीच्या मध्याने, गटाराच्या कडेकडेने निघाला. आम्ही दोघं त्याच्या बाजूने चाललो. त्याची चाल मी आदल्या दिवशी पाहिली होती: ना पळत ना रेंगाळत. तो मैदानाच्या फाटकातून आत शिरला, उतरला आणि पसरून बसला.

मास्टर साहेब फाटकाला धरून उभे राहिले. मग म्हणाले, "मैं उन्हें यहाँ लाकर बिठाता था."

"अजून काही झालेलं नाही," मी म्हटलं. "नवी जागा बघू."

जागा होती. वस्तीच्या उत्तरेला खापऱ्यांचं टेकाड आहे. भट्टीत तडकलेली भांडी कुंभार तिथे टाकतात. टाकून टाकून टेकडी झाली आहे. वाऱ्याच्या आडवी, उंच, जवळ. तिथे कुणी जात नाही. का, ते विचारलं तर प्रत्येकाने वेगळं सांगितलं. एक बाई म्हणाली पाय कापतात. एक म्हातारा म्हणाला, "वहाँ से आवाज़ आती है."

मी चढून पाहिलं. आवाज येतो. गारठलेल्या खापऱ्यांना ऊन लागलं की त्या जागच्या जागी सरकतात आणि पायाखाली कुठेतरी खोल काचेसारखं किणकिणतं. कारण मला ठाऊक होतं. तरी मी दोनदा मागे वळून पाहिलं.

संध्याकाळच्या आत मास्टर साहेब आणि मी घरोघर गेलो. उद्या भोंगा झाला की खाली नाही, वर. सगळ्यांनी माना डोलावल्या. आपांनी मला उलट म्हणून दाखवलं: "नीचे नहीं, ऊपर. टीले पर. मैं बच्ची हूँ क्या?"

१४ जानेवारी, दुसरी तालीम

मी टेकाडावर उभी. खाली वस्तीची वाट दुभंगते तिथे मास्टर साहेब, हात टेकाडाकडे लांब केलेला, म्हणजे कुणी चुकायला नको. धुकं आदल्या दिवसांसारखंच.

भोंगा झाला. दारं उघडली. ओली फडकी दुफाट्यापर्यंत आली आणि खाली वळली.

सगळी. एकसुद्धा वर आलं नाही. मी ओरडले, "ऊपर! इधर!" एका माणसाने मान वर केली, मला पाहिलं, अदबीने सलाम केला आणि खाली निघून गेला. त्यांना बोलायची बंदी होती. कुणी ओरडलं तर लक्ष द्यायचं नाही हेही त्यांना शिकवलेलं होतं.

आणि मास्टर साहेब. त्यांचा हात अजून टेकाडाकडेच होता. हात तसाच वर धरून ते लोकांबरोबर चालू लागले, फाटकातून आत गेले, उतरले. धुक्याच्या वर तेवढा एक हात राहिला, माझ्याकडे बोट दाखवणारा. मग तोही खाली गेला, आणि दोनदा शिट्टी वाजली.

"पहली गली?"

"हाज़िर."

मी टेकाडावर एकटी होते. पायाखाली खापऱ्या किणकिणत होत्या.

नंतर त्यांच्या घरी चहा पिताना मास्टर साहेबांनी बशीत ओतलेला चहा पुन्हा कपात ओतला. "मुझे तो लगा," ते म्हणाले, "मैं वहीं खड़ा हूँ."

आज आपा पुन्हा सगळ्यांत आधी पोचल्या होत्या.

तिसरी तालीम घेण्यात अर्थ नव्हता. डोक्याने ऐकलं होतं, पायांनी नाही. मी आपांना विचारलं, तालीम नसते तेव्हा तुम्ही सकाळी उठून कुठे जाता? "दूध लेने," त्या म्हणाल्या. "कहाँ?" "वहीं, मैदान के फाटक पर. सब वहीं जाते हैं." म्हणजे मास्टर साहेबांची शिट्टी महिन्यातून एकदा शिकवत होती आणि दूधवाला रोज.

दूधवाल्याला, रामसुमेरला, गाठलं. सायकलीला दोन कॅन, कानाला मफलर.

"उद्यापासून टेकाडावर उभं राहायचं."

"टीले पर? मैडम, साइकिल चढ़ेगी?"

"उतरून ढकला."

"और दूध फट गया तो? लोग कहते हैं वहाँ की हवा ठीक नहीं."

"दही म्हणून विका."

"भैंस से पूछ लूँ?"

"विचारा. पण उभं तिथेच राहायचं."

तो मान हलवत तयार झाला. मास्टर साहेब त्याचेही मास्टर होते. कुंभारांनी त्याच दुपारी टेकाडावर माती टाकून पाऊलवाट केली. शाळेशी बोलून मैदानाच्या फाटकाला सकाळपुरतं कुलूप लावायचं ठरलं. सहीच्या जागी मी लिहिलं: जागा अमान्य, बाण रंगवू नयेत. मग नीलाला फोन केला.

"आज रात्रीच्या गाडीने निघत नाही."

"संक्रांत? घरी वाट बघतील ना?"

"बघू देत."

"अच्छा. मग इथेच खिचडी खा. इथे संक्रांतीला खिचडीच म्हणतात, सणालासुद्धा." मग तिने विचारलं, "काय झालंय तिकडे?"

"काही नाही. सगळे वेळेवर हजर होते," मी म्हटलं.

१५ जानेवारी, दूध

नीलाची किटली घेऊन मी टेकाडावर रांगेत पहिली उभी राहिले. रामसुमेर माझ्याकडे पाहत नव्हता. धुक्यातून आधी बोलणं वर आलं, मग माणसं. "अब दूध के लिए पहाड़ चढ़ो." "नासिक वाली मैडम की मेहरबानी." "अरे चाचा, धीरे, घुटने आपके हैं, टीला सरकारी है." इतकी बडबड त्या वस्तीत मी पहिल्यांदाच ऐकली. ती चालू राहावी म्हणून मी दोघातिघांना मुद्दाम उलट उत्तरं दिली.

रांग मोठी झाली. मास्टर साहेब आले, हातात पातेलं नव्हतं. "आपा नहीं आईं?" त्यांनी विचारलं. "वह तो मुझसे पहले निकली थीं."

मी खाली पाहिलं. मैदानाच्या फाटकाशी, छातीभर धुक्यात, एक डोकं होतं. एकटंच. हलत नव्हतं.

हाक मारली तर वळलं नाही. मी किटली मास्टर साहेबांच्या हातात दिली आणि उतरले. आपा कुलपावर हात ठेवून उभ्या होत्या, दुसऱ्या हातात दुधाचं भांडं. नाकावर फडकं बांधलेलं. भोंगा झालेला नव्हता.

"आपा, ऊपर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सब अंदर हैं ना?" त्या म्हणाल्या. "मुझे सुनाई दे रहे हैं."

मी फाटकाच्या गजांतून आत पाहिलं. धुकं होतं. मी त्यांच्या नाकावरचं फडकं सोडलं, भांडं घेतलं, कोपराला धरलं आणि त्यांना वर नेलं. वाटेत तीनदा थांबलो. रांगेतल्या लोकांनी त्यांना पुढे जागा दिली, रामसुमेरने माप जरा जास्तच भरलं, आणि त्या नेहमीसारख्या बोलू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेकाडावर गेले नाही. उजाडता उजाडता मैदानाच्या फाटकाशी गेले, कुलपाला पाठ लावून उभी राहिले, आणि धुक्यातून जो कुणी आला त्याला हाताला धरून टेकाडाकडे वळवत राहिले.